दारुड्याच्या नूडल्स, मुसलमानी रस्सा

हॉटेलात बसल्यावर ‘यात काय काय घातलंय?’ असं विचारणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे जरा वैतागूनच पाहिलं जातं. वेटर वैतागतो, सोबतची मंडळी वैतागतात. ‘खा की गुपचूप, एवढं काय चौकशी करतेस,’ हे मी आयुष्यभर ऐकत आले. माझं मत बरोब्बर उलटं आहे. हा प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे आणि त्याचं खरं उत्तर मिळालं पाहिजे. अट एकच, की प्रश्न ताटाचा असावा. शिजवणाऱ्याचं नाव-गाव-धर्म विचारणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि अलीकडे आपल्याकडे पहिल्या प्रश्नाच्या आडून हा दुसराच विचारला जातोय.

हे मत माझ्या मनात पूर्वीपासून होतं, पण ते पक्कं झालं एका थाई हॉटेलात. लेक आणि जावई लॉस एंजेलिसला असतात. शहराच्या उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅली नावाचा मोठा निवासी भाग आहे, तिथे. दोन फेऱ्या मिळून वर्षभर मी त्यांच्याकडे राहिले. घरापासून दहा मिनिटं चालत गेलं की एका दुकानांच्या रांगेत, कपडे धुण्याच्या लॉन्ड्रीच्या आणि डोनटच्या दुकानाच्या मध्ये हे हॉटेल. बारा टेबलं, काचेखाली मेनू, प्रत्येक पदार्थाला नंबर, कोपऱ्यात फुलं वाहिलेलं छोटं देवघर आणि भिंतीवर थायलंडच्या राजाची तसबीर. बायका-पोरांना घेऊन जावं, चपला घालून जावं, वीस मिनिटांत जेवून उठावं, असं. आपल्या कोपऱ्यावरच्या उडप्याचं जे स्थान, तेच तिथे या थाई हॉटेलांचं.

अशी हॉटेलं त्या शहरात जागोजागी आहेत. त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, आशियाई माणसांना वाट मोकळी झाली. त्या सुमारास शिकायला आलेले थाई तरुण तिथेच राहिले. आधी गवती चहा, गलांगल मिळायची मारामार होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ‘बँकॉक मार्केट’ हे थाई किराणा दुकान निघालं आणि घराघरातल्या स्वयंपाकाला हॉटेलाचं रूप घेता आलं. १९९९ साली शहराने हॉलिवूड बुलेव्हार्डच्या एका टप्प्याला अधिकृतपणे ‘थाई टाउन’ हे नाव दिलं. पुढे २००२ साली खुद्द थायलंड सरकारनेच ठरवलं, की जगभर थाई हॉटेलं वाढवायची. ‘ग्लोबल थाई’ नावाची योजना काढली. तेव्हा परदेशात सुमारे साडेपाच हजार थाई हॉटेलं होती, ती आठ हजारांवर न्यायचं लक्ष्य होतं. जेवणातून देशाची ओळख करून द्यायची, ही कल्पना मला तरी फार शहाणपणाची वाटते. तोफांपेक्षा रस्सा बरा.

कोकणातल्या माणसाला हे जेवण परकं वाटत नाही. नारळाचं दूध आहे, चिंच आहे, भात आहे, सुकवलेली कोळंबी आहे. त्यांची ‘कपी’ म्हणजे मिठात मुरवलेल्या बारीक कोलिमाची गोळी. जवळा भाजताना शेजारच्या तीन घरांना कळतं, तसाच हिचाही वास. चिपळूणच्या बाईला त्यात नवल काय वाटणार? पहिल्याच दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.

नवल वाटलं ते नावांचं.

मेनूवर एक पदार्थ होता, ‘पॅड की माओ’. खाली इंग्रजीत त्याचं भाषांतर, अर्थ सरळ ‘दारुड्याच्या नूडल्स’. जावई सोलापूरचा, नमाजी मुलगा. त्याने दोन वर्षं त्या नंबराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. नावातच दारू, मग विचारायचं तरी काय? मी मात्र विचारलं. हॉटेलाच्या मालकीणबाई साठीच्या. सगळी पोरंबाळं त्यांना ‘पा’ म्हणतात. थाईमध्ये पा म्हणजे आईहून मोठी मावशी. पा हसायलाच लागल्या. म्हणाल्या, यात दारूचा थेंब नाही. तिखट, लसूण, मिरी, तुळशीच्या जातीची पानं आणि रुंद नूडल्स. नावाबद्दल त्यांच्याकडे नाना गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं दारुड्याला नशा उतरवायला असलं झणझणीत लागतं, कुणी म्हणतं एका दारुड्याने रात्री घरी येऊन हाताला लागेल ते कढईत टाकलं. खरं काय ते देव जाणे. पण ताटात दारू नाही.

त्याच मेनूवर चार नंबर खाली होता ‘मस्सामन’. हा शब्द ‘मुसलमान’वरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सरळ मराठीत ‘मुसलमानी रस्सा’. यात दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, जिरं असे आपल्या गरम मसाल्यातले जिन्नस. बाकीच्या थाई रश्श्यांत ते एवढे नसतात. शिवाय बटाटा, शेंगदाणे, चिंच, नारळाचं दूध. अयोध्या, म्हणजे त्यांची जुनी राजधानी आयुथया, सतराव्या शतकात व्यापाराचं मोठं केंद्र होती. इराणचे, अरबस्तानचे, हिंदुस्थानचे, मलायाचे मुसलमान तिथे राहत. कोमहून आलेला शेख अहमद नावाचा इराणी व्यापारी तर तिथल्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर चढला. थायलंडमधलं बुन्नाग हे नामांकित घराणं त्याचंच वंशज. मुसलमानांचा प्रमुख म्हणून राजाने नेमायचं ‘चुलाराचामोंत्री’ हे पद त्याच्यापासून सुरू झालं, ते आजही आहे. हा रस्सा त्या इराणी मंडळींकडून आला की मलायाकडून, यावर वाद घालायला जागा आहे. पण दुसऱ्या रामा राजाने युवराज असताना रचलेल्या खाद्यवर्णनाच्या काव्यात मस्सामनचा उल्लेख आहे, म्हणजे दोनशे वर्षांमागे तो राजवाड्यात पोचला होता. २०११ साली सीएनएनच्या प्रवास विभागाने जगातल्या चविष्ट पदार्थांची यादी केली, तिच्यात पहिला नंबर मस्सामनला दिला.

इतका आपला पदार्थ! मी मोठ्या हौसेने मागवायला गेले. पा म्हणाल्या, ‘तुम्ही मुसलमान ना? मग हा नका घेऊ. माझं चिकन हलाल नाही. टोफू घालून देते.’

आता गंमत बघा. ज्याच्या नावात दारू, तो आमच्यासाठी चालणारा. ज्याच्या नावात मुसलमान, तो न चालणारा. नावावर गेलो असतो तर दोन्हीकडे फसलो असतो. आणि हे आम्हाला सांगणारी बाई बौद्ध.

पॅड थाईचंही असंच. नावावरून वाटतं, हा तर अस्सल थाई. प्रत्यक्षात तव्यावर परतलेल्या भाताच्या नूडल्स ही चिनी स्थलांतरितांची देणगी, आणि मिरची व शेंगदाणा अमेरिका खंडातले. १९३९ साली सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळात पंतप्रधान फिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय अस्मितेचा धडाका लावला होता. त्या लाटेत हा पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे केला गेला. नाव सरकारने दिलं, चव सगळ्या जगाची. बिर्याणीपासून बटाटेवड्यापर्यंत आपली कहाणी काही वेगळी नाही. वड्यातून बटाटा आणि मिरची काढा, मराठी अस्मितेच्या हातात बेसन तेवढं उरेल.

पांच्या हॉटेलात मी जे शिकले, ते मात्र या इतिहासाहून साधं आहे. त्यांच्याकडे ऑर्डर घेताना पहिला प्रश्न असायचा, ‘काय चालत नाही?’ सगळ्यांना, सरसकट. मग त्या वहीच्या कोपऱ्यात खुणा करत. एकदा आमच्या टेबलावर किती प्रकार जमले होते ते सांगते. मी कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई; समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं, खेकडा-कालवांसकट. जावई हनफी, मासा चालतो, कोळंबी तो खातो, खेकड्याला हात लावत नाही. एकाच घरात, एकाच कलम्याचे आम्ही, आणि एकच क्रॅब फ्राइड राइस निम्म्या टेबलापुरता. लेकीची मैत्रीण भावनगरची, जैन; कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही. दुसरे शेजारी डोंबिवलीचे. काका मासे खाणारे, काकू शुद्ध शाकाहारी. आणि त्यांचा सात वर्षांचा नातू, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. चुकून पोटात गेला तर दवाखाना गाठायचा.

पांनी कुणाला कारण विचारलं नाही. जैन मैत्रिणीला म्हणाल्या, ‘तुमचं आमच्या जे सारखं दिसतंय.’ थायलंडमधले चिनी वंशाचे बौद्ध वर्षातून एकदा नऊ दिवसांचं व्रत करतात. त्यात मांस-मासे नाहीत, अंडं-दूध नाही आणि कांदा-लसणासारखे उग्र जिन्नसही नाहीत. या जेवणाला ‘जे’ म्हणतात. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ते लिहिलेलं असतं. फरक एवढाच की त्यांना बटाटा चालतो. तो काढून टाकला, की जमलं. मैत्रिणीला परदेशात पहिल्यांदाच ‘कांदा-लसूण का नाही?’ यावर भाषण न देता जेवण मिळालं.

काकूंना त्यांनी आपणहून बजावलं, की मेनूवर ‘व्हेज’ लिहिलेल्या रश्श्याच्या वाटणातही कपी असते आणि भाज्यांवर माशांचं पाणी, म्हणजे नाम प्ला, शिंपडतात. ‘माय साय नाम प्ला,’ त्या आत ओरडल्या. माय साय म्हणजे घालू नका. हे दोन शब्द मी पाठ केले. काकूंना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘पॅड क्रपाओ’त जी पानं घालतात, ती मुळात आपली तुळस आणि तिच्यासोबत परतलेला असतो मांसाचा खिमा. काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘त्यांची त्यांना, माझी वृंदावनात.’ एवढ्यावर विषय संपला. धर्माचा प्रश्न इतक्या थोडक्यात सुटलेला मी क्वचितच पाहिलाय.

नातवासाठी तर पांनी वेगळी कढई काढली. आणि मग माझ्याकडे वळून, मी न विचारताच म्हणाल्या, ‘तुमच्या भातासाठीही तीच वापरते. मोठ्या कढईत मी डुकराचं मांस परतते. धुते, घासते, पण कढई तीच. मागच्या वेळी सांगितलं होतं, आठवतं?’ आठवत होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी हे सांगून टाकलं होतं. तेव्हा आम्ही फ्राइड राइस न घेता वाफवलेला भात आणि उकडलेला मासा घेतला होता. म्हणजे खरं बोलल्यामुळे त्यांचं त्या दिवशीचं बिल कमी झालं होतं. पण आम्ही वर्षभर त्यांच्याकडे जात राहिलो, ते त्या एका वाक्यामुळे.

पा दक्षिण थायलंडच्या. तो भाग मलेशियाला लागून. देशात मुसलमान सुमारे पाच टक्के, पण दक्षिणेच्या टोकाला पट्टनी, याला, नराथिवात या प्रांतांत तेच बहुसंख्य. तिथले मुसलमानही आमच्या कोकण्यांसारखे शाफई. एकाच समुद्राच्या व्यापाराने दोन्ही किनाऱ्यांवर एकच पंथ पोचवला. शेजारच्या घरी काय चालतं आणि काय नाही, हे पांना लहानपणापासून ठाऊक. त्या देशात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं कुणी समजू नये. त्याच दक्षिणेत २००४ पासून हिंसाचाराने हजारोंचा जीव घेतलाय. तरीही बहुसंख्य बौद्ध असलेला हा देश हलाल खाद्यपदार्थांच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठात हलाल विज्ञान केंद्र आहे, जिथे प्रयोगशाळेत तपासून सांगतात की या डब्यात डुकराची चरबी आहे की नाही. ते उभारणारे विनाई दाहलान हे इंडोनेशियातल्या मुहम्मदिया चळवळीचे संस्थापक अहमद दाहलान यांचे नातू. श्रद्धेचा प्रश्न, उत्तर परीक्षानळीतून. मला हा मार्ग फार आवडतो.

आता पांच्या हॉटेलाच्या दारावर काय लावलेलं होतं ते सांगते. काचेवर मोठं निळं अक्षर, ‘ए’. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८पासून हा नियम आहे. आरोग्य खात्याचा माणूस येतो, स्वयंपाकघर तपासतो, शंभरपैकी गुण देतो. नव्वदच्या वर ‘ए’, ऐंशीच्या वर ‘बी’, सत्तरच्या वर ‘सी’, आणि ते अक्षर दारात दिसेल असं लावावंच लागतं. गिऱ्हाइकाला आत काय आहे हे कळावं, म्हणून सरकारने केलेली ही सक्ती. मालक थाई की मेक्सिकन, बौद्ध की मुसलमान, हे त्या कागदावरून कुणी जोखत नाही. कॅलिफोर्नियात आणखी एक कायदा आहे. हलाल नसलेलं मांस हलाल म्हणून विकणं गुन्हा, आणि ज्यूंच्या कोशरबद्दलही तसंच. म्हणजे सरकारचं काम काय? ताटाबद्दल खोटं बोलणाऱ्याला धरायचं.

आणि आपल्याकडे? जुलै २०२४मध्ये मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांना, फळांच्या गाड्यांनासुद्धा मालकांची नावं ठळक लावायला सांगितलं. मग ते उत्तर प्रदेशभर झालं, उत्तराखंडातही झालं. कारण सांगितलं, भाविकांचा गोंधळ होऊ नये. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ते थांबवलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं हे लावायला सांगता येईल, पण मालक-कामगारांची नावं लावायची सक्ती करता येणार नाही. पुढच्या वर्षी तोच प्रश्न क्यूआर कोडचं रूप घेऊन पुन्हा आला.

माझं म्हणणं असं, की कावड घेऊन अनवाणी चालणाऱ्या माणसाला श्रावणात कांदा-लसूण नको असेल, तर त्याची मागणी शंभर टक्के रास्त आहे. त्याला खरं उत्तर मिळालंच पाहिजे, आणि खोटं सांगणाऱ्याला दंड झाला पाहिजे. पण मला सांगा, पाटीवर ‘शर्मा’ लिहिलं म्हणजे डाळीत लसूण नाही हे कळतं का? ‘अब्दुल’ लिहिलं म्हणजे केळ्यात मटण असतं का? नावाने ताटाबद्दल काहीच कळत नाही. कळतं फक्त एवढंच, की कुणाच्या गाडीवरून पुढे जायचं. भाविकाचा साधा प्रश्न होता, ‘यात काय आहे?’ त्याला उत्तर दिलं गेलं, ‘हा कोण आहे ते बघ.’ हा त्या भाविकाचाही अपमान आहे.

आणि ही पद्धत आपल्याला नवी नाही. इंग्रजी अमलात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळे. पाण्यात काय फरक होता? माझ्या गावापासून महाड काही फार लांब नाही. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा तिथेही प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा नव्हताच. ओंजळ कुणाची, एवढाच होता. महाराष्ट्राने हा धडा पुस्तकातून मुलांना शिकवलाय. मी स्वतः तीस वर्षं वर्गात तो शिकवला.

इथे कुणीतरी मला अडवणार, आणि अडवावंच. ‘बाई, तुमच्या हलालमध्ये कापणारा कोण ही अट नाही का?’ आहे. जबीहा मुसलमानाने किंवा अहले-किताबने करावी, असं आमचं शास्त्र सांगतं. ते मी झाकणार नाही. पण ही अट माझ्या तोंडाला घातलेली आहे. पांच्या दुकानाला, तुमच्या दुकानाला घातलेली नाही. मी विचारते, उत्तर ऐकते, जमलं नाही तर टोफू खाते. पांनी आपलं चिकन बदलावं, त्यांनी ‘मी बौद्ध’ अशी पाटी गळ्यात घालावी, ही मागणी मी करू शकत नाही. माझ्या श्रद्धेची किंमत मी मोजायची. ती दुसऱ्याच्या धंद्यातून वसूल करायची नाही. शीख बांधवांना हलाल चालत नाही. त्यांनी झटका मागावा, दुकानदाराने तसं लिहावं, त्यात वावगं काहीच नाही. पण २०२५च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघालं, त्यात झटक्याच्या जोडीला दुकानदार हिंदूच हवा हेही आलं, आणि ते जाहीर करायला मंत्री पुढे झाले. मांसाची माहिती तिथे संपली आणि नावाची पाटी सुरू झाली.

हाच आरसा आपल्या बिरादरीपुढेही धरते. भिंतीवर आयत, गल्ल्यावर टोपी, दुकानाच्या नावात ‘अल’ किंवा ‘मदिना’ दिसलं की आपण बिनधास्त बसतो. कोंबडी कुठून आली, कापली कुणी, तेल कितव्यांदा तापवलं, मोरीत काय पडलंय, एक प्रश्न नाही. शेजारच्या ‘गणेश भुवन’मध्ये स्वच्छ डाळ-भात मिळत असला तरी तिकडे पाऊल वळत नाही. हीसुद्धा नाव वाचून ताट ठरवण्याचीच सवय. पाण्याच्या बाटलीवर हलालचा शिक्का शोधणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! पाणी हलालच असतं. आपण नावावर जातो, तेव्हा दुसऱ्याने नावावर जाऊ नये असं कोणत्या तोंडाने सांगणार? कुरआनने हलालच्या जोडीला ‘तय्यिब’, म्हणजे चांगलं, स्वच्छ, हा शब्द ठेवलाय. पहिल्या शब्दावर आपली भांडणं होतात. दुसरा कुणाला आठवत नाही.

मग हवं काय? फार काही नाही. आपल्याकडे पाकिटांवर हिरवी आणि तपकिरी खूण असते, तीच सवय हॉटेलाच्या मेनूला लागू दे. शेंगदाणा, दूध, अंडं, मासा आहे का. कांदा-लसणाशिवाय होईल का. मांस हलाल की झटका. तेल आणि कढई वेगळी की एकच, एवढ्या चार ओळी. व्हेज सूपचं पाणी कशाचं आहे, असं विचारल्यावर गाडीवाल्याने हसू नये. वेटरला माहीत नसेल तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणण्याऐवजी त्याने आत जाऊन विचारून यावं. पालिकेच्या अन्न निरीक्षकाचा शेरा फायलीत न राहता दारावर लागावा. आणि गिऱ्हाइकाने प्रश्न विचारताना आवाज माणसाचा ठेवावा, झडतीचा नको.

ॲलर्जीच्या पोरासाठी आपण सगळेच हळवे होतो. ‘बाळाला शेंगदाणा चालत नाही’ म्हटलं की जग थांबतं, वेगळी कढई निघते, आणि पोराची जात कुणी विचारत नाही. श्रद्धेचंही असंच धरावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. एकाला काहीतरी चालत नाही, बस्स. ते ऐकून घ्यावं, खरं सांगावं, जमेल ते वाढावं. सगळ्यांनी एकच खाल्लं म्हणजे सलोखा झाला, असं मला कधीच वाटलं नाही. पांच्या टेबलावर सहा जणांची सहा ताटं होती. एकमेकांच्या ताटात कुणी हात घातला नाही, एकमेकांच्या ताटाला नाकही मुरडलं नाही. दस्तरखान एक असायला ताटं सारखी असावी लागत नाहीत. वाढणारा खरं बोलणारा असावा लागतो.